दोन ज्ञ

"शून्य," यज्ञेश म्हणाला आणि खोलीतल्या आम्ही सगळ्यांनी खुर्चीत अंग सैल सोडलं.

पडद्यावर खरोखर तेवढंच होतं. पांढरी चौकट आणि तिच्या मधोमध एक शून्य. मी आणि यज्ञेशनं इतका काळ डोकं फोडून जी यंत्रणा उभी केली, तिचं पहिलं खरंखुरं उत्तर असं गोल गुबगुबीत असावं, याचं मला हसू आलं.

ती खोली आमच्या प्रयोगशाळेच्या पार पोटात होती. खिडकी नाही, फोन दारातच काढून घेतलेले, आणि दार उघडायचं तर आतून चौकशी कार्यालयाच्या घरोटे साहेबांचं आणि बाहेरून आमच्या सुरक्षावाल्याचं, अशी दोन कार्डं एकाच वेळी लागायची. उत्तरावर सह्या होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही असा नियम होता. तो आम्हीच लिहिलेला, त्यामुळे कुरकुर करायचीही सोय नव्हती.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची प्रयोगशाळा संरक्षण खात्याची. घरोटे साहेबांचं कार्यालयही त्याच खात्याचं, पण चौकशीचं. ज्यांच्या नावानं फाईल उघडली आहे अशा माणसांची यादी त्यांच्याकडे होती. आमच्याकडे आमच्या माणसांची; संचालकांचं नाव तेवढं दिल्लीच्या पटावर असल्यानं तिच्यात नव्हतं. दोन्हींत सामाईक कुणी आहे का, हे दोघांनाही हवं होतं, पण आपली यादी समोरच्याला दाखवायला कुणीच तयार नव्हतं. समजा, शेजारशेजारच्या दोन घरांत एकाच दिवशी लग्न आहे. आपले किती पाहुणे तिकडेही जेवणार एवढंच हवंय, पण आमंत्रणं कुणाकुणाला गेली ते शेजारणीला कळू द्यायचं नाही. तसंच हे. आमची यंत्रणा दोन्हीकडच्या नावांचा असा काही भुगा करायची की मूळ नाव कुणाच्या बापाला ओळखू येऊ नये. मग ती भुगा भुग्याशी ताडून बघायची आणि फक्त आकडा सांगायची. घरोटे साहेबांनी आणलेल्या यादीत कोण आहे, हे खुद्द त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती दिल्लीहून सीलबंद आली होती.

"चला, सुटलो," गोडांबे सर म्हणाले. ते आमचे संचालक. "घरोटे साहेब, आमची प्रयोगशाळा धुतल्या तांदळासारखी आहे, हे आता तुमच्या दिल्लीला सांगा."

"दिसून तर तसंच राहिलं, सर," घरोटे साहेब म्हणाले. ते यवतमाळचे. सरकारी मराठी बोलता बोलता मध्येच त्यांची वऱ्हाडी डोकं वर काढायची.

"मग सह्या करू आणि चहाला जाऊ."

"एक मिनिट," यज्ञेश म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा साफ उतरला होता. शून्य आल्यावर कुणाचा चेहरा उतरतो? मला वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून असेल.

"सर, ज्ञचं काय?" तो म्हणाला.

"कसला ज्ञ?"

"यादी दिल्लीत टाईप झालीय. इंग्रजीत. तिकडे ज्ञ जी-वाय असा लिहितात. ग्य. आपण लिहितो डी-एन-वाय. म्हणजे इथला ज्ञानेश्वर वेगळा आणि तिथला वेगळा. एक अक्षर बदललं की अख्खा भुगा बदलतो. त्यांच्या यादीत आपला कुणी ज्ञवाला असेल तर तो या शून्यात सापडणारच नाही."

मी कपाळावर हात मारला. फडक्यांचा फ दोन तऱ्हांनी लिहितात, श आणि ष यांची सरमिसळ होते, हे सगळं आम्ही आधीच धरलं होतं. ज्ञ मात्र निसटला, कारण आम्ही दोघंही मराठी. ज्ञ आणखी कसा लिहितील, असा प्रश्नच आमच्या डोक्यात आला नव्हता.

"अहो सांबारे, आलंय ना शून्य?" गोडांबे सर यज्ञेशला म्हणाले. "कशाला खाजवून खरूज काढताय?"

"नाही जी, मुद्दा बरोबर आहे त्यांचा," घरोटे म्हणाले. "उद्या दिल्लीनं हेच विचारलं तर मी काय सांगू? लावा तो नियम, मॅडम."

यंत्रणा चालवायचं काम माझं. नियम एका ओळीचा होता, तो मी लिहिला आणि पुन्हा चालवलं.

एक.

गोडांबे सर पडद्याकडे झुकले. मग एकेक शब्द चावत म्हणाले, "आधी शून्य होतं. ज्ञचा नियम लावल्यावर एक आला. म्हणजे जो कोणी आहे, त्याच्या नावात ज्ञ आहे."

घरोटे साहेबांनी मान वर केली. त्यांना कळलं आपण काय करून बसलो ते. मलाही त्याच क्षणी कळलं. यंत्रणा जराही फुटली नव्हती, दोन्ही वेळा तिनं सांगायचं तेवढंच सांगितलं होतं. आम्हीच एक प्रश्न दोनदा विचारला, आणि त्या दोन उत्तरांच्या मधल्या फटीतून माणूस दिसायला लागला.

"आपल्याकडे ज्ञवाले कोण?" गोडांबे सर म्हणाले. "ज्ञानेश्वर बागडे तर रिटायर झाला."

ज्ञवाले दोघंच उरले होते आणि दोघंही त्या खोलीत बसले होते. यज्ञेश सांबारे आणि मी, सुज्ञा बेहेरे.

यज्ञेश माझ्याकडे बघत होता. माझं नाव त्याला आजच कळलं असावं असा त्याचा चेहरा झाला होता.

"सोपं आहे," गोडांबे सर म्हणाले. "बेहेरेबाईंचं नाव आपल्या यादीतून काढा आणि पुन्हा चालवा. एक राहिला तर सांबारे. शून्य आलं तर..." त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "पाच मिनिटांचं काम आहे."

"नियमात तिसरी खेप नाही, सर," घरोटे म्हणाले.

"दुसरी होती?"

घरोटे साहेबांनी हातातला सहीचा कागद पालथा घातला.

"माझ्या प्रयोगशाळेत कोण आहे ते मला कळायलाच हवं. चालवा, बेहेरेबाई."

"चालव, सुजू," यज्ञेश म्हणाला.

त्याच्या आवाजात घाबरणं नव्हतं, चिडणं नव्हतं. जेवताना मीठ मागावं तसं तो म्हणाला, चालव. ज्याला स्वतःबद्दल खात्री आहे तोच असं म्हणू शकतो. म्हणजे तो नाही. म्हणजे मी.

मला निरंजन आठवला. माझा धाकटा भाऊ, जर्मनीत नोकरीला. त्याची कंपनी अँटेना बनवते. दिवाळीत आला होता तेव्हा चकल्या खाता खाता म्हणाला होता, "ताई, नक्की काय करता गं तुम्ही तिथे?" मी हसून उडवून लावलं होतं. तेवढंच. पण कुणी तेवढंच म्हणून लिहून घेतं का? त्या बंद खोलीत बसून मी माझ्याच आयुष्याची झडती घ्यायला लागले, आणि झडती घ्यायची म्हटली की काहीतरी सापडतंच.

मी एक बटण दाबलं. चालवण्याचं नव्हे, बंद करण्याचं. ते दाबलं की त्या दिवसाची सांकेतिक किल्ली पुसली जायची आणि दिल्लीहून नवी आल्याशिवाय कुणालाही काही चालवता यायचं नाही. ही तरतूदही आमचीच.

"बेहेरेबाई!"

"सर, दोन उत्तरांची वजाबाकी केली की माणूस उघडा पडतो. एकदा झाली ती चूक. यंत्रणा मी बनवलीय, तिच्याकडून मी ती पुन्हा करून घेणार नाही."

नंतर बऱ्याच जणांनी मला तत्त्वाची बाई ठरवलं. तत्त्व होतंच, नाही असं नाही. पण मला भीतीही वाटली होती, आणि दोन्हींतलं जास्त काय होतं ते मला आजही सांगता येत नाही.

"ठीक आहे," गोडांबे सर म्हणाले. "मग दोघंही बाहेर."

दुसऱ्या दिवशी फाटकावर आमचे पास लागले नाहीत. नोकरी होती, पगार होता, फक्त आतल्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नव्हतं. बाहेरच्या बैठ्या इमारतीत राजभाषा कक्ष होता, तिथे आम्हाला बसवलं. एक टेबल, त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, आणि काम काय, तर तांत्रिक शब्दांना हिंदी प्रतिशब्द शोधायचे. ज्यांनी सरकारी गुपितं राखण्याची यंत्रणा केली, ते आता 'नट' आणि 'बोल्ट'ला हिंदीत काय म्हणावं यावर वाद घालत होते. पहिल्या आठवड्यात आम्ही त्यावर हसायचोसुद्धा.

मग हसणं संपलं. आत आमच्या यंत्रणेवर दुसरेच लोक बसले होते. ती जन्माला घातली मी, आणि आता तिच्याबद्दल विचारायचीही मला मनाई. जेवणाच्या सुट्टीत आतली मंडळी बाहेर यायची, आम्हाला लांबून हात करायची आणि दुसऱ्या टेबलावर बसायची. त्यांचं चुकत नव्हतं. दोघांपैकी एक कोण, हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी दोघांनाही धरलं होतं.

मी अर्ज करत सुटले. माझ्यावर काही आरोप असेल तर कळवावा, मला म्हणणं मांडू द्यावं. दर आठवड्याला एक. उत्तर यायचं, 'विषय विचाराधीन आहे.' कसला विषय, तेही लिहिलेलं नसायचं. नसलेल्या आरोपाला उत्तर तरी काय द्यायचं? मी निरंजनचे फोन घेणं बंद केलं. त्याच्या साखरपुड्याला गेले नाही. त्याला सांगितलं, रजा नाही. तो म्हणाला, "ताई, मी काही केलंय का गं?" मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

यज्ञेशला मी कधी काही विचारलं नाही आणि त्यानंही मला विचारलं नाही. तो रोज डब्यातली अर्धी भाजी माझ्या ताटलीत वाढायचा. मला वाटायचं, मी बुडाले ती बुडाले, याला पण घेऊन बुडाले, आणि तरी हा वाढतोय.

असं वर्ष सरत आलं. एका दुपारी मी पर्स उचलली आणि उभी राहिले.

"कुठे निघालीस?" यज्ञेशनं विचारलं.

"कॅम्पात. घरोटे साहेबांकडे."

"कशाला?"

"निरंजनबद्दल सांगून टाकते. तो काय करतो, काय विचारलं, सगळं. त्यांच्याकडे त्याचंच काहीतरी असणार. मीच सांगितलं तर निदान संपेल तरी. मला नाही हे सहन होत आता, यज्ञेश."

"त्याचं नाव देणारेस? लेखी?"

"हो."

"एकदा दिलंस की ते तिथून निघत नाही. त्याला कायमचं चिकटेल."

"मग मी काय करू? सांग ना! तुला काय, तू निवांत आहेस. तू चालव म्हणाला होतास. मला त्याच दिवशी कळलं की ती मी आहे."

यज्ञेशनं हातातलं पेन खाली ठेवलं. उठून दार लावलं. कक्षातला शिपाई पोस्टात गेला होता.

"सुजू, तू नाहीयेस," तो म्हणाला. "तो मी आहे."

मी खाली बसले.

"गोडांबे सर चाचण्यांचे आकडे बाहेर देत होते. एका कंपनीला. मला ते दिसलं आणि मी कळवलं. त्यांच्या यादीत नुसते संशयित नसतात, तक्रार करणारेही असतात. फाईल दोघांचीही उघडते; सर आपल्या यादीत नव्हते म्हणून सापडले नाहीत. तक्रार घेणाऱ्यानं माझ्याकडून शपथ लिहून घेतली होती, चौकशी संपेपर्यंत कुणालाही, अगदी कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर मीच आत."

"आणि सर त्या खोलीत बसले होते."

"माझ्या शेजारी. कळवून कितीतरी दिवस झाले होते आणि वरून साधी पोच नव्हती. शून्य आलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला वाटलं, माझी तक्रार वाटेतच कुणी गिळली. म्हणून ज्ञ काढला. मला फक्त बघायचं होतं, मी तिथे आहे का नाही."

"आणि माझ्या नावातला ज्ञ?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अगं, मी तुला पहिल्या दिवसापासून सुजू म्हणतो. सुजूत कुठे आहे ज्ञ? एक आल्यावर तुझ्याकडे बघितलं तेव्हा आठवलं."

एवढ्या हुशार माणसानं एवढी बावळट चूक करावी! मला हसू आलं आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली.

"मग चालव का म्हणालास? मी चालवलं असतं तर सरांना तिथल्या तिथे कळलं असतं."

"कळलं असतं. पण तू सुटली असतीस. मला तोंड उघडता येत नव्हतं, यंत्रणेला येत होतं."

"आणि मी ती बंद केली."

"केलीस. त्यामुळे सरांना आजवर कळलेलं नाही की तक्रार दोघांपैकी कुणाची, किंवा ती तक्रार आहे का दुसरंच काही. म्हणून तर चौकशीवाले तुलाही सोडत नाहीत. तुला आत घेतलं की मी कोण ते उघड झालं."

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. रोज समोर बसून मला झुरताना बघत होतास, भाजी वाढत होतास, निरंजनचा साखरपुडा माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि तू प्रतिशब्द शोधत होतास. तो ऐकून घेत होता. बोलून दमले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की यानं शपथ आत्ता मोडली आहे, माझ्या भावाचं नाव कागदावर येऊ नये म्हणून, आणि आता मी कुणाजवळ चकार शब्द काढला तर हा तुरुंगात जाईल. त्याच्या गळ्यातला फास सुटला नव्हताच, आता माझ्याही गळ्यात एक आला होता.

मी पर्स खुंटीला अडकवली आणि पुन्हा अर्ज केला नाही.

पुढे गोडांबे सर दीर्घ रजेवर गेले आणि त्यांच्या दारावरची पाटी उतरली. लगेच मला आणि यज्ञेशला कॅम्पातल्या कार्यालयात बोलावणं आलं, जबाब पुरा करण्यासाठी. यज्ञेश बाहेर बाकावर बसला, त्याची पाळी माझ्यानंतर होती. मला आत घेऊन शिपायानं दार लावलं.

घरोटे साहेब थकलेले दिसत होते. त्यांनी पाणी पुढे केलं.

"मॅडम, एक गोष्ट मले समजून नाही राहिली," ते म्हणाले. "तुमचे अर्ज. दर आठवड्याला न चुकता एक. आणि मग एकदम बंद. कायले?"

"कंटाळा आला, साहेब."

"कंटाळा." त्यांनी ते लिहून घेतलं. "सांबारे साहेबांनी तुम्हाला मधल्या काळात काही सांगितलं? हो का नाही, तेवढंच सांगा. नीट विचार करून सांगा, हा जबाब आहे. हो असलं तर मले त्यांच्यावर कारवाई करावी लागेल, माझा इलाज नाही."

दाराच्या काचेतून बाकावर बसलेल्या यज्ञेशची पाठ दिसत होती. मी आयुष्यात सरकारी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"नाही, साहेब."

घरोटे साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मग आता मी सांगतो," ते म्हणाले. "तुमच्या नावानं आमच्याकडे कधीच फाईल नव्हती. एक दिवससुद्धा नाही. तुम्ही कारण नसताना भोगलं, मॅडम. आमच्या खात्याच्या वतीनं मी माफी मागतो."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी इतके दिवस तडफडले होते, आणि ते ऐकताना माझ्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. घरोटे साहेबांना ते दिसत होतं. त्यांना ते दिसतंय, हे मला दिसत होतं.

"हे तुम्ही पहिल्यांदाच ऐकून राहिले," ते अगदी हळू म्हणाले. "धक्का बसायला पाहिजे तुम्हाला."

बाहेर बाकावर यज्ञेश खोकला.

"बसला, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली आणि पेन उचललं.

"बरं," ते म्हणाले. "तसं लिहितो."